म्हातारीसारखं चालून दाखवा

"अम्मा, ऐसे नहीं. बूढ़ों जैसे चलिए."

मी एकोणसत्तर वर्षांची. शाळेच्या स्टेजवर उभी. खाली तिसरी-चौथीची बावीस पोरं मांडी घालून बसलेली. आणि त्यांना डान्स शिकवणारा पंचविशीतला सर मला म्हातारीसारखं चालायला सांगत होता. मी माझ्या चालीनं चालले होते. ताठ. नई सडकेवरच्या माझ्या दुकानाचा जिना रोज चढते, तशी. ती चाल त्याला पसंत पडली नाही.

"कमर झुकाइए. हाथ काँपना चाहिए. बच्चों को सीखना है."

मी वाकले.

हे सांगतानाही लाज वाटते. एक हात कंबरेवर ठेवला, गुडघे वाकवले, दुसरा हात थरथरवला. पोरं खदखदा हसली. सर ओरडला, "देखो, ये है ओरिजिनल!" टाळ्या पडल्या. मीही हसले. गिऱ्हाईक नाराज होऊ नये म्हणून चाळीस वर्षं हसत आले, तशीच.

मी शिवणकाम करते. शाळेत आजी-आजोबा दिवस होता. पोरं म्हातारे बनून नाचणार होती, आणि बावीस पोशाखांचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक पोशाखाच्या पाठीत कापसाचं कुबड. चौदा पोशाख शिवून झाले होते. तेच मापाला घेऊन गेले होते, तर सरानं स्टेजवर चढवलं. कुबडं शिवताना मला काहीही वाटलं नव्हतं. उलट ती नाचताना हलू नयेत म्हणून आतून दुहेरी टीप मारली होती. हे कबूल केलंच पाहिजे.

मी स्टेजवरून उतरले आणि पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. तिला सरानं आधीच शिकवलं होतं. हातात रिकामा कप. हात लटलट कापतोय, कप ओठांपर्यंत पोचत नाहीये, जणू चहा साडीवर सांडतोय. फार हुबेहूब करत होती. हॉल नुसता फुटला हसून. मीही हसायला तोंड उघडलं.

ते तसंच राहिलं.

माझ्या नवऱ्याचा हात शेवटची सहा वर्षं असाच कापायचा. कारखान्यात फिटर होते ते. घरी स्वतःच म्हणायचे, "साखर घाल नुसती, ढवळायला मी आहे." आम्ही पोट धरून हसायचो. हो, हसायचो. मला हसण्याचं वावडं नाही. पण एकदा एका लग्नात त्यांच्या समोर बसून दोन मुलांनी त्यांच्या हाताची नक्कल केली. मुलांचे आई-बाप बघत होते. हसत होते. त्यानंतर कुणाकडेही गेलो की हे म्हणायचे, "मी चहा सोडलाय." सोडला कुठला! घरी आल्या-आल्या दोन कप लागायचे. मरेपर्यंत परक्या घरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

आणि मी त्याच थरथरण्याचं प्रात्यक्षिक देऊन आले होते.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि चौदाही कुबडं उसवली. दुहेरी टीप, वेळ लागला. कापूस पोत्यात भरला. पोशाखांना इस्त्री केली आणि गठ्ठा घेऊन शाळेच्या मोठ्या मॅडमकडे गेले.

मॅडम आपल्यातल्याच, मराठी. त्यांचे पूर्वज इथल्या मराठी संस्थानाच्या दरबारात, आमचे फौजेत. फौज गेली, दरबार गेला, पण त्या खुर्चीत आणि मी उभी, हे काही गेलेलं नाही. त्यांनी एक पोलकं उलटं करून पाहिलं.

"मावशी, कुबड कुठाय?"

"काढलं."

"का?"

"मी शिवणार नाही. साड्या, पोलकी, धोतरं सगळं देते. कुबड देणार नाही."

त्या हसल्या. लहान मुलाकडे बघून हसतात तशा. "अहो, तुम्ही तर दिल पे घेतलंत. लाडानं करतायत मुलं. आधी सगळ्यांना हसवतील, मग स्टेजवर आजी-आजोबांचे पाय धुतील. सम्मानाचाच कार्यक्रम आहे हा."

मी विचारलं, "मॅडम, उद्या पोरांना लंगड्याचं सोंग देऊन नाचवाल?"

"छे! ते गलत होईल."

"मग हे?"

"म्हातारे तर आपण सगळेच होणार आहोत ना. यात कुणाचा अपमान?"

"तुम्ही व्हाल तेव्हा व्हाल. मी आज आहे."

त्यांनी पोलकं सुलटं करून घडी घातली. मला वाटलं, पटतंय. म्हणून मी आणखी बोलले. म्हटलं, हसवायचंच असेल तर मी सांगते ना. आमच्या गल्लीतली पंच्याहत्तरीची बाई भाजीवाल्याशी अशी भांडते की तो टोपली टाकून पळतो. दुसरी एक मोबाइलवर पत्त्यांचा डाव हरली की सुनेशी बोलत नाही. करा की त्यांचं नाटक. आम्हीच पहिल्या रांगेत बसून हसू.

डान्स सर दारात उभा होता. म्हणाला, "उसमें हँसी कहाँ आएगी, अम्मा? बूढ़े लगने भी तो चाहिए."

मॅडमनी गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "राहू द्या. आम्ही दुसरीकडे करून घेऊ." पुढे हळूच म्हणाल्या, "या वयात असं होतं. चिडचिड होते."

बघा. माझं म्हणणंसुद्धा त्यांनी माझ्या वयावर ढकलून दिलं.

कार्यक्रम झाला. कुबडं दुसऱ्या कुणीतरी शिवली. माझ्या मुलानं फोनवर व्हिडिओ दाखवला. पोरं वाकून नाचतायत आणि पहिल्या रांगेतले आजी-आजोबा टाळ्या वाजवतायत. माझा मुलगा वाईट नाही. म्हणाला, "आई, तू पण ना. बघ, तेच हसताहेत. मजाक होता बस."

"मीही हसले होते," मी म्हटलं. "मला विचार, का हसले होते ते."

त्यानं विचारलं नाही. शाळेचं काम कायमचं गेलं. शाळेचं बघून आणखी दोन घरांनीही येणं बंद केलं. म्हातारी खडूस आहे, असं नई सडकेवर पसरलं. पसरू दे.

पण एक झालं. मला ऐकू यायला लागलं. इतकी वर्षं जे कानामागे टाकत होते, ते सगळं. दुकानात येणाऱ्या पोरीचं "दिखता है ना, अम्मा?" तेही मी सुईत दोरा स्वतःच्या हातानं ओवलेला बघून. साठीच्या गिऱ्हाईक बाईला भडक रंग दाखवला की तिच्या सुनेचं फिस्सकन हसणं. लाडानं म्हणे.

गेल्या आठवड्यात सिटी सेंटरला डॉक्टरकडे गेले. गुडघा माझा. मुलगा सोबत. डॉक्टरनं मुलाकडे बघून विचारलं, "माताजी को दर्द कब से है?"

मी म्हटलं, "मुझसे पूछिए."

मुलानं माझा हात दाबला. डॉक्टर हसला. "अरे, माताजी तो तेज हैं!"

"तेज नहीं हूँ. मरीज हूँ. मुझसे पूछिए."

त्यानं खुर्ची वळवली. मला विचारलं. मी सांगितलं.

रोज कोणी खुर्ची वळवणार नाही, ठाऊक आहे. बरेचसे हसतीलच. हसू देत. मी दरवेळी बोलणार, आणि सोबत हसणार नाही. गंमत म्हणून जेवढं सोडून द्यायचं होतं, तेवढं माझं सोडून झालं.