दारातला ऊस

मी जुन्नरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. त्या आठवड्यात लांबणीवर टाकण्याचे शब्द घेतले होते. दुसरा दिवस ठरवून पुढे ढकललं तर पोस्टपोन. कुणी न ठरवताच उशीर झाला तर डिले. चालू सभा पुन्हा बसायच्या बोलीवर उठली तर ॲडजर्न. आणि नकोसं वाटतं म्हणून टाळत राहिलं तर पुट ऑफ. मुलांना पटलं आणि मी स्वतःवरच खूश होऊन घरी आले.

घरी उसाची तोड थांबलेली. आमचं घर वारूळवाडीच्या शिवारात, ऊस अगदी अंगणाला लागून. निम्मा फड तोडून झाला आणि तोडणीच्या टोळीतल्या एका बाईला पाचटात, उसाच्या वाळल्या पाल्यात, बिबट्याची दोन पिल्लं दिसली. अशा वेळी आमच्याकडे कोयते खाली ठेवतात आणि वनखात्याला फोन करतात. त्या माणसांनी पिल्लं क्रेटमध्ये घालून तिथंच ठेवली आणि कॅमेरा लावला. आई येते, पिल्लं लांब नेते, मग तोड सुरू होते.

"उद्या दुपारपर्यंत व्हईल समदं मोकळं," सासरे म्हणाले. माझा रात्रभर डोळा लागला नाही. माझी मुलगी पाच वर्षांची आहे, आणि तिचा सगळा खेळ अंगणात.

सकाळी क्रेट रिकामा होता. माझा जीव भांड्यात पडला. मग वनखात्याच्या माणसानं मोबाईलवर चित्रण दाखवलं. मादीनं एकेक पिल्लू तोंडात धरलं आणि ती आमच्या अंगणाकडच्या, न तोडलेल्या उसातच शिरली.

"पिल्लं चालायला लागली की ती हलंल. तवर उसात जाऊ नका," तो म्हणाला.

"तवर म्हंजी कवर?" सासऱ्यांनी विचारलं.

"ते आमी तरी कसं सांगणार, भाऊ?"

टोळीनं कोयते उचलले आणि ती दुसऱ्याच्या वावरात गेली. फळ्यावरचे माझे शब्द मी मनात लावून पाहिले. एकही बसेना. इथं दिवस ठरवणारी ती मादी होती, आणि तिला कोण विचारणार?

"आई, अंगणात कधी जाऊ?" मुलीनं विचारलं.

"बघू."

एरवी 'बघू' म्हटलं की ती घर डोक्यावर घेते. तेव्हा तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. उंबऱ्याबाहेरच्या चपला आत ओढून घेतल्या.

"राहू दे, आई," ती म्हणाली, "मला नाही खेळायचं."