एक्सल बदललाय, असं मी सांगितलं

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही. देवासमोर हात जोडले तेव्हाही नाही — तिथे तर मुद्दाम दुसरंच काहीतरी मागत राहिलो. आज तुमच्याशी बोलायला बसलो, तर धड बसवत नाही. दोनदा उठून फाटकापर्यंत जाऊन आलो. पण सांगतो. आज राहिलं तर राहूनच जाईल.

लोक अजून माझ्याकडे येतात. जुनी लॉरी कधी विकावी, एवढंच त्यांना विचारायचं असतं. मी सांगतो. गाडी रस्त्यापेक्षा मिस्त्रीच्या अंगणात जास्त दिसू लागली की विकावी. हंगामाच्या तोंडावर विकावी, हंगाम सरल्यावर नाही. आणि ड्रायव्हर गाडीबद्दल कुरकुर करायचा अचानक थांबला, तर मात्र एक दिवसही थांबू नये. हे सगळं बरोबर आहे. लोक मान डोलावतात, चहा पिऊन जातात. पण तुमची पहिली लॉरी तुम्ही कशी विकली हो, असं अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर? काय सांगितलं असतं मी?

तेव्हा आमचा मुलूख मध्यप्रांत म्हणवायचा. मोठी लढाई संपली होती, आणि लष्कराने आपल्या जुन्या लॉऱ्या लिलावात काढल्या होत्या. आमचं घराणं भोसल्यांच्या चाकरीत इकडे आलेलं. पणजोबांपासून सगळे कारकून. घरात कोणाच्या हाताला शाईशिवाय काही लागलेलं नव्हतं. आणि मी लॉरी घेतली. जबलपूरला नेपियर टाउनमधल्या आमच्या घरासमोर ती येऊन उभी राहिली, तेव्हा वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मला चालवता येत नव्हती. चालवायचा जगन. लढाईत त्याने आसामच्या डोंगरात लॉऱ्या चालवल्या होत्या. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठा असेल. अंगाने वाळलेला, बोलायला कमी. रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी तो तिच्याखाली जाऊन पाठीवर पडायचा आणि हाताने एकेक जागा चाचपायचा — वैद्य पोट चाचपतो ना, तसा. जवळच्या पाटनहून गहू-मसूर भरायचा, जबलपूरच्या गल्लामंडीत, धान्याच्या बाजारात, उतरवायचा. तीन वर्षं हेच. तीन वर्षांत त्याने एक कोंबडीसुद्धा चाकाखाली घेतली नव्हती. हे लक्षात ठेवा. मीही ठेवलं होतं — आणि त्याचाच उपयोग केला.

तिसऱ्या हिवाळ्यात गाडी थकली. मला ते कळत होतं, पण एक हंगाम अजून, एक हंगाम अजून, असं करून राहिलो होतो. दिवाळीतच विकायला हवी होती. मग नव्या लॉरीची बातमी आली. एजंट म्हणाला, फाल्गुनात एक येऊन राहिली आहे, घ्यायची तर आत्ता बोला. माझी झोप गेली. मी मुळातच असा — मला थांबता येत नाही. शाळेत असताना कैऱ्या पाडायचो, आंबा होईपर्यंत दम निघायचा नाही. घरचे हसायचे. हसण्यासारखीच गोष्ट होती तोवर.

पाटनचे एक शेठजी जुनी लॉरी घ्यायला तयार झाले. गहू निघायच्या आधी त्यांना ती हवी होती. चार दिवसांनी बघायला येतो म्हणाले. आणि त्याच संध्याकाळी जगन गाडीखालून बाहेर आला तो हात पुसत उभाच राहिला. म्हणाला, "बाबूजी, जरा नीचे आके देखिए।"

मी धोतर सावरत खाली वाकलो. पुढच्या एक्सलला, जिथे स्प्रिंगचा पाटा त्याच्यावर बसतो त्या जागेजवळ, एक चीर होती. केसासारखी. जगनने नखाने दाखवली नसती तर दिसलीही नसती.

"ये जोड़ने की चीज नहीं है," तो म्हणाला. "बदलना पड़ेगा। भरी गाड़ी में टूटा तो पहिया घूम जाएगा, फिर स्टेरिंग किसी की नहीं सुनती।"

मी म्हणालो, बदलू. खरंच तेच मनात होतं, असं आज म्हणावंसं वाटतं. पण होतं का? दुसऱ्या दिवशी जगन त्याच्या पुतणीच्या लग्नाला गावी गेला. मी भंगाराच्या आवारात जाऊन आलो. एक्सल होता तिथे. लष्करातल्याच दुसऱ्या लॉरीचा, चांगला. पण तो काढून, तपासून, आपल्या गाडीला बसवायला आठ दिवस लागतील, असं मिस्त्री म्हणाला. आठ दिवस! शेठजी तीन दिवसांवर आलेले. ते दुसरीकडे गेले तर? नवी लॉरी दुसऱ्याने उचलली तर?

आठच दिवस होते हो ते. आज माझ्या आयुष्यातले आठ दिवस कुठे सांडून जातात, मला समजतही नाही.

मी दुसरा मिस्त्री बघितला. बाहेरगावचा, दोन महिन्यांपुरता आलेला. त्याच्याकडून ती चीर गॅसवर जोडून घेतली, घासून सपाट केली, वरून काळा रंग दिला आणि ग्रीस फासलं. काम चालू असताना मी तिथेच येरझाऱ्या घालत होतो. मिस्त्रीने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा घासू लागला. पुढे तोही जबलपूर सोडून गेला.

जगन लग्नाहून परतला त्याच सकाळी शेठजी यायचे होते. तो नेहमीसारखा गाडीखाली गेला. मी ओसरीवर उभा. त्याचे पाय तेवढे बाहेर दिसत होते. किती वेळ तो आत होता कोणास ठाऊक — मला तो फार वाटला. मग बाहेर आला, आणि म्हणाला, "नया लगवा दिया आपने?"

"हाँ," मी म्हणालो.

बस, एवढंच. एक अक्षर. त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही. काहून विचारेल? तीन वर्षांत मी त्याच्याशी खोटं बोललो नव्हतो. उलट त्याचा चेहरा उजळला. "अच्छा किया बाबूजी," म्हणाला, "अब बेफिकर बेचिए।"

शेठजी आले. त्यांनी टायर बघितले, इंजिन ऐकलं, आणि मग माझ्याकडे नाही — जगनकडे वळून विचारलं, गाडी कशी आहे? जगन म्हणाला, बुढ्ढी है, पर एक्सल नया है, दगा नहीं देगी. त्याच्या शब्दावर ती लॉरी विकली गेली. माझ्या नाही. आणि शेठजींनी अट घातली की हाच ड्रायव्हर हवा. मी लगेच हो म्हणालो. मनात काय होतं सांगू? मनात होतं — जगन आहे म्हणजे काही व्हायचं नाही. तो सांभाळून घेईल. मी तुटकी गाडी विकली आणि वर तिचा जामीन म्हणून एक माणूस दिला.

नंतर सव्वा महिना होता माझ्या हातात. हे मला सगळ्यात जास्त डाचतं. पाटनहून गहू भरून जगन मंडीकडे जायचा तेव्हा आमच्या घरासमोरून जायचा, आणि फाटकाशी दोनदा हॉर्न द्यायचा. मी बाहेर यायचो. तो हात वर करायचा. रोज वाटायचं, आज थांबवतो. आज सांगतो की बाबा रे, भरी गाडी नेऊ नको. तोंड उघडायचो, आणि विचारायचो — काय जगन, गाडी बरी आहे ना? तो म्हणायचा, बढ़िया. मग दिवसभर माझा पाय एका जागी ठरायचा नाही. नवी लॉरी दारात उभी होती. तिच्याकडे बघवत नव्हतं, आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं.

ऐन वैशाखात, भर दुपारी, पाटनच्या रस्त्यावर एका नाल्याच्या उतारावर ती लॉरी उलटली. पोत्यांवर एक हमाल बसला होता, भूरा नावाचा. तो खाली सापडला. जागच्या जागी गेला. जगनचा उजवा हात चेंगरला.

मी टांगा करून तिथे पोचलो. गाडीचं तोंड नाल्याच्या चिखलात रुतलेलं होतं. मला वरून एक्सल दिसत नव्हता. हवालदार पंचनामा लिहून राहिला होता. त्याने मला विचारलं, बाबूजी, गाडी आपकी थी, क्या लगता है? मी म्हणालो, उतारावर वेग आवरला नसेल, नाल्यावरच्या पुलाच्या दगडाला धडक बसून एक्सल तुटला असेल. त्याने तसंच लिहिलं. किती सोपं होतं! कोट घातलेला, शिकलेला माणूस मी. मी बोललो ते कागदावर गेलं.

जगनवर खटला झाला. उजवा हात झोळीत बांधून तो उभा होता. त्याने सांगितलं — एक्सल आधी तुटला, गाडी मग उलटली. पडल्यावर मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, तुटल्या जागी जोड होता. एक्सल पुरानाच होता. पण ती गाडी तोवर भंगारात गेली होती, दाखवायला काही उरलं नव्हतं.

मग मला बोलावलं. मॅजिस्ट्रेट साहेबांनी विचारलं, तुम्ही एक्सल बदलला होता का? मी म्हणालो, हो. पावती? लष्करी भंगारातला माल, त्याची पावती कोण देतो. आणि मग, कोणी विचारलं नसताना, मी पुढचं बोललो. म्हणालो, विकण्याच्या दिवशी यानेच शेठजींना सांगितलं होतं की एक्सल नवा आहे. आता स्वतःला वाचवायला शब्द फिरवतोय.

जगनने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. खोलीतला शेवटचा दिवाही आपणच विझवला हे कळल्यावर माणूस जसा बघतो, तसा तो स्वतःच्याच शब्दाकडे बघून राहिला होता. भूराची बायको मागे बसली होती. बाहेर पडताना ती जगनच्या पायाशी थुंकली. मी तिच्या बाजूलाच उभा होतो. मला तिने वाट दिली.

खटल्याच्या मधल्या दिवसांत जगनची बायको आमच्या घरी आली होती. मला नाही भेटली, स्वयंपाकघरात जाऊन माझ्या बायकोपुढे बसली. रडली नाही म्हणे. एवढंच बोलली, "दीदी, बाबूजी से कहो, जो है सो बोल दें।" ती गेल्यावर बायको माझ्याजवळ आली. हातात तांदळाचं सूप तसंच होतं.

"अहो, काहून असं म्हणते ती? खरं काय आहे?"

"वाचवून राहिला तो स्वतःला," मी म्हणालो. "हात गेला, डोकं ठिकाणावर नाही त्याचं."

तिने सुपातले दोन खडे वेचले. मग म्हणाली, "तुम्ही म्हणता तर तसंच असेल." आणि गेली. ती वारली तेव्हाही तिच्या मनात तसंच होतं — की नव्हतं? हे मला कधीच कळणार नाही. तिने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि जगनच्या घरच्यांना दर संक्रांतीला तीळगूळ पाठवायची. ते परत यायचं. ती तरीही पाठवायची.

जगनला सजा झाली. लायसन गेलं. सुटल्यावर त्याला गाडी कोण देणार, आणि त्या हाताने तो चालवणार कशी? तो गल्लामंडीत दिसू लागला. एका हाताने जमेल ते करायचा — पोती शिवायची, काटा झाडायचा, बैलांना पाणी दाखवायचं. तोवर माझ्याकडे तीन लॉऱ्या झाल्या होत्या. मी मंडीत जायचं टाळायचो, मुनीमाला पाठवायचो.

एकदा मात्र समोरासमोर आलो. तो हातातलं काम टाकून माझ्याकडे आला. वाटलं, आता चार लोकांत बोलेल. बोलू दे, असंही वाटलं. पाय मात्र मागे सरत होते. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "बाबूजी, वो हरे रंग वाली गाड़ी का अगला पहिया थोड़ा झूल रहा है। दिखवा लीजिए। लड़का नया है आपका।"

टोमणा नव्हता तो. मी त्याचा चेहरा नीट पाहिला, शोधला टोमणा. नव्हता. त्याला खरोखरच माझ्या नव्या ड्रायव्हरची काळजी वाटली होती.

तेव्हा तरी बोलायचं! मंडी भरलेली होती, दिवस होता, माणूस समोर होता. मी म्हणालो, "हाँ, दिखवाता हूँ." आणि निघालो.

तीन वर्षांनी जगन वारला. शेवटपर्यंत तो आपल्या वस्तीत 'भूरा को मारने वाला' म्हणूनच ओळखला जायचा. मी त्याच्या मातीला गेलो नाही.

थांबता येत नव्हतं, म्हणून झालं, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. ते खरं नाही. विकताना थांबता आलं नाही, हे एक दिवसाचं. पुढे वीसेक वर्षं मी अगदी व्यवस्थित थांबलो. जगन मरेपर्यंत थांबलो. मग बायको जाईपर्यंत.

जगनने कोर्टात सांगितलं ते सगळं खरं होतं. एक्सल जुना होता, जोडलेला होता, आणि तो मी जोडून घेतला होता. भूरा माझ्यामुळे गेला. जगन खोटं बोलला नाही.