उघड्या पेटीची पूजा

दसऱ्याच्या सकाळी इंदिरानगरामागच्या मळ्यावर धुकं असं उतरलं होतं, की झेंडूचे वाफे जमिनीवर आहेत का आभाळात, तेच उमगत नव्हतं. नवसाबाई त्यात कमरेपर्यंत बुडून फुलं तोडत होती. तिचं लाल लुगडं तेवढं हलताना दिसायचं. फुलांचा ढीग ओसरीवर पडला, तसा घरभर ओला, कडवट वास भरला.

सुनेनं, मंजुषानं, एक तोरण अर्धं ओवलं आणि सुई हातात घेऊनच ती आतल्या खोलीत शिरली.

ती गंगापूर रोडच्या क्लासात कॉम्प्युटर शिकवायची. क्लासानं काढून टाकलेली कॉम्प्युटरची एक पेटी तिनं घरी आणली होती. जुनी सिस्टीम व्हायरसनं खाल्लेली, म्हणून मासिकासोबत आलेल्या सीडीवरून काल तिनं लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम चढवली. नेटसाठी केबलवाल्यानं मळ्यापर्यंत वायर ओढून दिली होती. आज उजाडता उजाडता, लाईट गेलेली असताना, तिनं चाचपडतच पेटीत नेटवर्कचं कार्ड बसवलं.

घाई नवऱ्यासाठी होती. समाधान मस्कतला क्रेन चालवायचा. त्याची मेल तिनं क्लासात वाचली होती: 'कंपनी अजून काही वर्षं थांब म्हणते. दसऱ्याला दुपारी सही. थांबू का येऊ? सहीआधी ऑफिसात मेल बघीन.' तेव्हा 'थांबा' लिहायला हात धजला नाही, आणि 'या' लिहावं तर त्याच्या मनात काय असेल, कोण जाणे. उत्तर राहिलं. आज क्लास बंद, सायबर कॅफे बंद, आणि साईटवर फोन लागायचा नाही.

लाईट आल्यावर तिनं मशीन चालू करून बघितलं. नेटवर्कच्या यादीत एकटं 'लो' होतं, म्हणजे मशीनचा स्वतःशीच बोलायचा रस्ता. त्याला हाक मारली, तर उत्तर लगेच आलं. लहानपणी ती विहिरीत वाकून 'ओ' द्यायची, तेव्हा असंच व्हायचं. पाणी थरथरायचं, आवाज गोल होऊन वर यायचा आणि वाटायचं, खाली कुणीतरी आहे. असायची तीच.

तिनं कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर, हातानं चढवून पाहिला. असं काही यंत्रच नाही, म्हणे. मग आतल्या सगळ्या भागांची यादी मागवली. चित्राचं कार्ड होतं, आवाजाचं होतं, नेटवर्कचं नव्हतंच. म्हणजे लिनक्स बिचारं रुसलं नव्हतं. त्याला ते दिसतच नव्हतं.

तिनं वायर काढली आणि कार्ड उपसलं. खालच्या खाचेत कुंकवानं लाल झालेले तांदूळ होते, वर एक झेंडूची पाकळी.

"आत्याबाई, हे काय हो?"

नवसाबाई पदराला हात पुसत आली. "अक्षता हायेत. काल खंडेनवमी नव्हती का? विळा पुजला, खुरपं पुजलं, फवारणीचा पंप पुजला. मग ह्यालाच उपाशी ठेवू?"

"अहो, पण आत कुणी वाहतं?"

"तूच उघडं टाकून गेली व्हतीस, मंजे! काळीज उघडं दिसतंय, तर बाहेरून कशाला वाहू?"

मंजुषाला हसू फुटलं. "आणि मागितलं काय ह्याच्याकडं?"

म्हातारी जराशी लाजली. "असल्या पेटीतूनच बोलतो ना समाधान? म्हटलं, बाबा, नुसतं बोलणं लय झालं. आता त्याला घरी धाड."

सहीचं म्हातारीला कुणी सांगितलं नव्हतं. मंजुषा त्या लाल दाण्यांवर वाकली. बाहेरचं धुकं खिडकीशी येऊन थबकल्यासारखं झालं होतं.

तोरणाच्या सुईनंच तिनं दाणे उकरले आणि देव्हाऱ्यात ठेवले. कार्ड दाबून बसवलं. ते कट्कन बसलं. मशीन सुरू झालं, तसा मागं काजव्याएवढा हिरवा दिवा लागला, आणि यादीत 'लो'खाली दुसरं नाव उमटलं. केबलवाल्याकडून नेटवरचा पत्ताही मिळाला.

तिनं लिहिलं, 'या. आईंनी अक्षता वाहिल्यात.' आणि फेरविचार मनात यायच्या आत पाठवून दिलं.

"मंजे, सुई कुठं नेलीस गं? दार उघडं-बोडकं दिसतंय!"

"आले, आले."

सुईच्या टोकाला थोडं कुंकू लागलेलं होतं. तिनं ते पुसलं नाही. ढिगातलं एक टपोरं फूल उचललं आणि अर्धं राहिलेलं तोरण पुढं ओवायला घेतलं.