ओल्या राखेतली पावलं

बायकोचा फोन आला तेव्हा मी शेलूबाजारच्या थांब्यावर होतो. "ताई गेल्या," ती म्हणाली. आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "पडली काय?"

"नाही. खुर्चीत बसल्या बसल्याच..."

या गोष्टीला आता दीड महिना झाला. त्या प्रश्नाची अजून लाज वाटते. पण दोन वर्षं माझ्या मनात दुसरं काही नव्हतंच. सुशीलाताई माझी थोरली बहीण. लग्न केलं नाही, कामरगावच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्तीनंतर कारंज्याला आमच्याकडं आली. मग कंपवात झाला. पावलं आखूड झाली, डावा पाय घासू लागला. ती उठली की ती पडेल असंच मला वाटायचं. मी मागे मागे जायचो, हात पुढे धरून.

"काहून मागं येऊन राह्यला?" ती चिडायची. "मले चालू दे."

माणूस दोन पायांवर कसा आला, हा तिचा आवडता धडा. मांडीचं हाड गुडघ्याकडं आत कललेलं असतं, म्हणून अंगाचा भार पावलावर नीट येतो. तेवढ्या एका हाडावरून कळतं की हा प्राणी उभा चालत होता, असं ती सांगायची. पण माणसाच्या त्याच पूर्वजांची बोटं वाकडी, खांदे झाडावर चढणाऱ्याचे. "खाली चालत, अन् भेव वाटलं की झाडावर. आपल्यासारखेच भित्रे होते रे ते," असं म्हणून हसायची.

गेल्या हिवाळ्यात तिनं हट्ट धरला, एकदा शाळेत न्या. मी टाळत राहिलो. शेवटी जीप केली. तिनं मैदानात चुलीची राख पसरून भिजवायला लावली. आफ्रिकेत ज्वालामुखीच्या राखेवरून कोणी चालत गेलं आणि लाखो वर्षांनी ती पावलं सापडली, हाताचा ठसा एकही नाही, म्हणजे ते दोनच पायांवर चालत होते, हे तिला पोरांना दाखवायचं होतं. आधी पोरं चालली. मग ताई म्हणाली, "आता मी. सोड हात."

सोडला. सात-आठ पावलं... ती पार पोचली. मी तिच्या मागोमाग राखेतूनच धावलो होतो, ते मला कळलंही नव्हतं.

"आता वाचा," ताई म्हणाली. एक मुलगी वाकून बघत राहिली. "बाई, हे पाय घासत गेलं, पण सरळ गेलं. अन् हे मागचं चवड्यावर हाय. भ्यालेलं हाय."

ताईनं माझ्याकडं पाहिलं. परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाली, "तुयामुळं मी घरात कमी चालली रे." त्यानंतर मी तिला अंगणात एकटीला सोडू लागलो. खिडकीतून बघायचो मात्र.

तिच्या खोलीचा उंबरठा मी सुताराकडून काढून घेतला होता, ठेच लागू नये म्हणून. तरी ती तिथं पाय उचलायचीच, जुनी सवय. आता खोली रिकामी आहे. सकाळी खिडकी उघडायला जातो तेव्हा त्या सपाट फरशीवर माझाही पाय वर उचलला जातो.