माता मायच्या पारावरची पडताळणी

धाकटा भाऊ गेल्यावर देव मला खोटा वाटू लागला. आमच्या घराला ज्या तलावातल्या मासळीनं जगवलं, त्याच तलावात दारूच्या नशेत तो बुडाला. लोक म्हणाले, गावदेवी माता मायची मर्जी. ही मर्जी मला पटेना.

मी तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते. त्या दिवसांत जुन्या अमेरिकेतल्या धर्मजागृतीचा पाठ चालू होता. जंगलातल्या मोकळ्या जागी तंबू ठोकून लोक दिवसेंदिवस प्रार्थना करत. कुणी पुढच्या बाकावर येऊन, सगळ्यांदेखत रडत आपलं पाप बोलून दाखवी. तिथून परतलेल्या कितीतरी जणांनी दारू सोडायच्या शपथा घेतल्या, कितीतरी गुलामगिरीविरुद्ध उभे राहिले. बायकांना मताचा हक्क नव्हता, तरी त्या दारोदार फिरून अर्जांवर सह्या गोळा करत. हे सगळं मी कोरडेपणानं सांगायची. रडून देव भेटतो, हे मला खरं वाटत नव्हतं.

एक दिवस गावच्या भजन मंडळाच्या शांताबाई घरी आल्या. गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान घ्यावं, असा अर्ज त्यांना लिहून हवा होता. बोलता बोलता मी त्यांना तो पाठ सांगितला.

"त्याईले मत नोतं, तरी फिरल्या?" शांताबाई म्हणाल्या. "आपल्याले तं मत आहे. मंग काऊन भ्याचं?"

महिनाभर आम्ही घरोघर हिंडलो. पुरेशा सह्या झाल्या. त्या खऱ्या आहेत का, हे तपासायला चंद्रपूरहून साहेब आले आणि माता मायच्या पारावर बसले. समोर दुकानाची माणसं मोटरसायकलींना टेकून एकेकीकडे रोखून बघत उभी होती. पहिलं नाव कमलाचं निघालं. ती खाली बघून म्हणाली, "सही माझी नाई." दुसरीही तेच म्हणाली. तिसरी तर उठलीच नाही. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा मी मनात म्हटलं, माय, माझ्यानं होत नाही. आता तुझं तू बघ.

तेवढ्यात समोरच्या दुकानाच्या मागून ओले हात पदराला पुसत जनाबाई आली. ती तिथं गिलास धुवायची. तिचं पोटच त्या दुकानावर, म्हणून आम्ही तिच्या दारी गेलोच नव्हतो.

"साहेब, माझं नाव लिवा."

"यादीत नाही तुमचं नाव. आता घेता येणार नाही."

"नोका घेऊ. मी सांगाले आलो. याईचे गिलास धुता धुता किती घरं बुडताना पाह्यली मी."

"जने, काम नाई पाह्यजे का तुले?" समोरून कुणीतरी ओरडलं.

तिनं वळूनही पाहिलं नाही. "नाई पाह्यजे."

मग मी उभी राहिले. कशी, ते आजही सांगता येत नाही. भाऊ बुडाला त्या संध्याकाळी त्यानं माझं दार वाजवलं होतं आणि रागाच्या भरात मी ते उघडलं नव्हतं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि आई समोरच बसली होती. मी सगळं सांगून टाकलं. आई हळूहळू उठली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि साहेबांना म्हणाली, "अर्जावरची सही माझीच आहे. वाचा पुढं."

"माझं नाव पुन्हा वाचा, साहेब," मागून कमला म्हणाली. मग एकेक उठत गेली.

पुढं मतदान झालं, बंदीच्या बाजूनं कौल पडून बाटली आडवी झाली, दुकानाला कुलूप लागलं. भाऊ काही परत येत नाही. जनाबाई आता धानाच्या रोवणीच्या कामाला जाते. त्या दिवशी कशी आलीस, असं मी तिला एकदा विचारलं.

"गिलास धूत होतो. आतून कोनी म्हनलं, ऊठ. उठलो."

कोण म्हणालं, याचा शोध मी घेत नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, देवावर भार टाकणारा माणूस गप्प बसून राहतो. त्या दिवशी मी भार टाकला, आणि मायनं मला बसू दिलं नाही. तिचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.