किनवटची म्हणून दिलेली माती

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. लाज वाटते, दुसरं काय!

लातूरच्या भूकंपाला काही वर्षं झाली होती. मी नांदेडला मातीतल्या जिवाणूंवर पीएच.डी. करत होतो आणि शनिवार-रविवारी लातूरला जाऊन बारावीच्या क्लासमध्ये शिकवत होतो. तिथे पोरं मला 'सर' म्हणायची, त्यामुळे डोकं जरा चढलंच होतं.

माझ्या गाइड असलेल्या मॅडमना एकच ध्यास होता, मातीतून नवं प्रतिजैविक शोधायचा. त्यांच्या धाकट्या भावाचा पाय भूकंपात भिंतीखाली चिरडला होता. हाड जुळलं, पण जखमेतला पू हटेना. एकही औषध लागू पडलं नाही आणि शेवटी पाय कापावा लागला. त्या पुवातले जंतू मॅडमनी प्रयोगशाळेत जपून ठेवले होते.

एका शनिवारी मला किनवटच्या जंगलातून माती आणायची होती. मॅडमची रीत ठरलेली होती. आधी चपला काढायच्या, मातीला हात लावून कपाळाला लावायचा, मगच खणायचं. पण किनवटला जायचं तर शनिवारचा क्लास बुडणार. मी क्लासच्या मागच्या नळाजवळची माती पिशवीत भरली आणि वर लिहिलं, 'किनवट, सागाखाली'.

नेमक्या त्याच मातीनं कमाल केली. काचेच्या बशीत त्या मातीतल्या एका जिवाणूच्या पांढऱ्या ठिपक्याभोवतीचे जंतू मरून स्वच्छ गोल पडला.

"अरे, त्याच्या पायातले जंतू मरून राहिले की!" मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

पुढे तो जिवाणू हातचा गेला. वाढायचा, पण जंतू मारायचा नाही. कधीकधी होतं तसं. आता तीच माती पुन्हा हवी होती. मी धावत लातूर गाठलं, तर नळाच्या जागी मुलांच्या होस्टेलचं काँक्रीट ओतलेलं. तेव्हा तरी खरं सांगायचं! फार तर पीएच.डी. गेली असती. पण मी मिठाची गुळणी धरून बसलो.

"चल, झाड दाखव," मॅडम म्हणाल्या.

एसटीनं किनवटला गेलो. कुबड्या घेऊन भाऊही आला होता. वाटेत मला म्हणाला, "माझा गेला तो गेला, सर. दुसऱ्या कुणाचा तरी पाय वाचंल. तुमचे लई उपकार हायत."

जंगलात सागाला काय तोटा? मी एका झाडाकडे बोट केलं.

"हेच ना? नक्की?"

"हाव, मॅडम. हेच."

गुडघे दुखत असूनही त्या खाली बसल्या आणि मातीला हात लावून कपाळाला लावला. भावाला वाकता येत नव्हतं. त्यानं एका हातानं झाड धरलं आणि पायातली एकुलती चप्पल काढली.