"किसने पाया?"

५ डिसेंबर १९६६, सोमवार. विभागातल्या कपाटाला वाळवी लागली होती, म्हणून मी एम.ए.च्या मुलामुलींचे दहा वर्षांचे प्रबंध गच्चीवर उन्हात मांडत होते. जयपूरच्या आमच्या कॉलेजातल्या समाजशास्त्र विभागात विषयांना धरबंध नसे. जनाना इस्पितळातल्या रांगा, जौहरी बाजारातल्या सराफी पेढ्यांचा कारभार, विधवांचे पुनर्विवाह, जुन्या बावड्यांचा, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींचा, इतिहास, सगळं चाले. वाळवी बघायला पानं उलटत होते आणि ऋणनिर्देश वाचत होते.

माझ्याबद्दल सगळ्यांनी एकच लिहिलं होतं: 'जिनके अमूल्य मार्गदर्शन के बिना...' शिक्का मारल्यासारखं. त्याखाली वत्सलाताई देशकर. त्यांच्याबद्दल मात्र प्रत्येकाचं वाक्य वेगळं. एकाने लिहिलं होतं, 'जिनके डर से मैं दोबारा अस्पताल गया.'

वत्सलाताई प्राध्यापक नव्हत्या. टायपिस्ट होत्या, मॅट्रिक झालेल्या. यजमानांची केंद्र सरकारी नोकरी, नागपूरहून बदली होऊन जयपूरला आले आणि इथेच वारले. वत्सलाताई परत गेल्या नाहीत. किशनपोल बाजारात दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत त्यांनी हिंदी टाइपरायटर मांडला. पदर खोचून, ताठ बसून त्या टाइप करत. 'पाया गया है' किंवा 'माना जाता है' असं काही आलं, की दोन्ही हात मशीनवरून मांडीवर येत.

"किसने पाया, भैया?"

"जी, मतलब, सब मानते हैं."

"सबको बुला लाओ. मैं बैठी हूँ."

नाव सांगितल्याशिवाय हात मांडीवरून उठत नसत. मुलगा कागद घेऊन निमूट जिना उतरे आणि खरोखर कोणाला तरी विचारून येई. हेच मी वर्षानुवर्षं लाल शाईने समासात लिहीत होते. माझ्या लिहिण्याने कोणी कुठे गेलं नाही. मला ते लागायचं.

मला त्या म्हणत, "बाई, पोरं हुशार आहेत तुमची. फक्त कर्ता लपवून राहिली." त्यांचं ते 'लपवून राहिली' माझ्या पुणेरी कानाला खटके. चूक काढायला मला तेवढंच सापडायचं.

१९५७ साली माझा पीएच.डी.चा प्रबंध त्यांच्याकडे दिला. घाट दरवाज्याजवळच्या वस्तीतली बाळंतपणं आणि दवाखाना, हा विषय. दोन वर्षं घरोघर फिरले होते. कायमची नेमणूक त्या प्रबंधावर अडली होती. चौथ्या प्रकरणाशी वत्सलाताईंचे हात मांडीवर आले.

"'इस बस्ती में शिशु-मृत्यु कम पाई गई.' कोणाला कमी दिसली, बाई?"

"मला. प्रत्येक घरी विचारलंय."

"काय विचारलं?"

"कितने बच्चे हुए, कितने गुज़रे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मला असं विचारलं असतं, तर मी म्हटलं असतं, एक झाली, एक आहे. बारशाआधी गेली, त्यांना कोणी मूल म्हणत नाही. तुम्ही जापे विचारा."

जापा म्हणजे इकडे बाळंतपण.

"तुमचे किती?" मी विचारलं.

"चार."

इथे त्यांच्या तीन बाळांबद्दल मला वाईट वाटलं, असं लिहायला हवं. तेही वाटलं, पण नंतर. आधी वाटलं ते हे, की दोन वर्षांत हे मला का सुचलं नाही, आणि जागेवरून न उठता हिला कसं सुचलं. कागद गोळा केले आणि घरी आले.

दुसरा टायपिस्ट पाहायचा, असं चार दिवस ठरवत होते. पाचव्या दिवशी वही घेऊन वस्तीत गेले. पहिल्याच घरातल्या बाईने आधी 'दो बच्चे, दोनों हैं' असं सांगितलं होतं. "कितने जापे हुए?" विचारल्यावर ती म्हणाली, "पाँच," आणि खाटेवर सरकून तिने मला बसायला जागा केली. चार महिने पुन्हा फिरले. सगळे तक्ते उलटे झाले. पुढे परीक्षकांनी त्या एका प्रश्नाचं खास कौतुक केलं आणि मी नोकरीत कायम झाले.

नवं प्रकरण टाइप करायला दिलं तेव्हा मी मुद्दाम समोर बसून राहिले. त्यात मी लिहिलं होतं: 'प्रश्नावली में बाद में संशोधन किया गया.' हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. कोणी केलं, असं त्या विचारणार हे धरूनच चालले होते. उत्तरही तयार ठेवलं होतं: संशोधकाने स्वतः. त्यांनी ओळ वाचली. हात मांडीवर आले नाहीत. सरळ टाइप केली आणि म्हणाल्या, "पुढचं पान द्या, बाई."

पुढे ऋणनिर्देशही त्यांनीच टाइप केला. मार्गदर्शक, प्राचार्य, ग्रंथपाल, माझे यजमान, सगळे होते. त्या नव्हत्या. "यजमानांच्या नावात वेलांटी चुकली आहे. दीर्घ करू ना?" एवढंच विचारलं.

त्यानंतर नऊ वर्षं माझे विद्यार्थी त्यांच्याकडे जात राहिले. मी मात्र त्यांचा जिना चढले नाही. गेल्या महिन्यात त्या वारल्या. त्यांच्या मुलीला भेटायला गेले, तर जिन्यात बसायला जागा नव्हती. सगळी माझीच मुलं. त्यांच्यातून वाट काढत वर जाताना मनात आलं, माझ्या वेळी यातली किती येतील?

गच्चीवरच्या ढिगात माझाही प्रबंध होता. त्याला वाळवी लागली नव्हती. 'संशोधन किया गया' असलेलं पान उघडून वाचलं. ऊन उतरल्यावर सगळे गठ्ठे खाली आणून कपाटात डांबराच्या गोळ्या टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन माझ्या प्रबंधाची तिथली प्रत मागितली. 'संशोधन किया गया'च्या वर शाईने लिहिलं: 'श्रीमती वत्सला देशकर, टंकलेखिका, के कहने पर.' ग्रंथपाल म्हणाले, "मैडम, किताब में लिखना मना है." "मालूम है," म्हटलं आणि खाली सही केली. विद्यापीठातल्या प्रतीला हात लावायचा, तर अर्ज करावा लागतो. ग्रंथपालांकडूनच कागद मागून घेतला आणि अर्ज तिथेच लिहिला.